इकबालला पत्र: एका मथळ्यावरून

प्रिय इकबाल,

फार दिवस पत्र नाही, त्याबद्दल शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे आणि मग पुढे वाच. तब्येत बरी. साखर आटोक्यात. आईचे गुडघे आहेत तसेच. झालं आरोग्यखातं.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. यंदा एका दिवाळी अंकाला अल्जीरियावर लेख दिला होता. फ्रेंच राजवटीत तिथल्या मशिदी, मुफ्ती, काझी यांचं काय झालं, हा विषय. काल प्रूफ आलं. मजकुराला हात लावलेला नाही, पण वर मथळा घातलाय, ‘फ्रेंचांचे विकाऊ मुल्ला’. संपादकांना फोन केला तर म्हणाले, मथळा झणझणीत लागतो, आणि तुम्हीच तर लिहिलंय की इमाम सरकारी पगार घ्यायचे. रात्री जेवण गेलं नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, एवढं काय त्यात. एवढं काय ते तुला कळेल, कारण तुझे आजोबा काझी आणि माझे गुरव.

होस्टेलच्या गच्चीवरचं भांडण आठवतं ना? आमच्या देवळाच्या वर्षासनावरून तू मला ‘सरकारचा नैवेद्य खाणारे’ म्हणालास आणि मी तुमच्या घरातल्या काझीपणाच्या सनदेवर घसरलो. बाळ्या मध्ये पडला नसता तर तुझा चष्मा त्याच दिवशी शहीद झाला असता. नंतर तूच म्हणालास की गुरव काय आणि काझी काय, एकाच माळेचे मणी, जमीन गेली की सरकारच्या दारात उभे. तुझं ते वाक्य या लेखाच्या मुळाशी आहे, आणि मथळ्याने नेमकं तेच उलटं केलं.

बघ ना, सुरुवात कुठून होते. 5 जुलै 1830. राजधानी अल्जिअर्स फ्रेंचांच्या हाती पडली. फ्रेंच सेनापती जनरल बूर्मोंने तहात लिहून दिलं की मुसलमानांच्या धर्माचरणाला मोकळीक राहील, लोकांच्या मालमत्तेला धक्का लागणार नाही. वर्ष संपायच्या आत हबूस मालमत्तेवर सरकारने हात घातला. आपण वक्फ म्हणतो त्यालाच तिकडे हबूस. घरं, दुकानं, मळे. त्यांच्या भाड्यावर मशिदीतलं तेल, चटया, इमामाची रोजी, मुलांना शिकवणाऱ्याचा तांदूळगहू, रस्त्यावरच्या पाणपोया, मक्का-मदिनेच्या गरिबांना जाणारा पैसा, सगळं चालायचं. कुणाकडे मागायला जावं लागत नव्हतं. ते टप्प्याटप्प्याने सरकारी खजिन्यात जमा झालं. माल्की पंथाचे मुफ्ती, म्हणजे धर्मनिर्णय देणारे, मुस्तफा अल्-कबाबती आडवे आले, तर 1843 मध्ये त्यांना देशाबाहेर काढलं. 1832 च्या डिसेंबरात अल्जिअर्सची केचावा मशीद घेतली, तेव्हा लोक दारं लावून आत बसले होते. सैन्याने दारं उघडवली आणि तिथे कॅथेड्रल झालं. 1962 पर्यंत ते तसंच राहिलं.

आणि मग, इकबाल, ज्यांनी उत्पन्न घेतलं तेच उदार झाले. इमामाला पगार देऊ, मशिदीची डागडुजी करू, फक्त इमाम आम्ही नेमू. 1850 मध्ये तीन सरकारी मदरसे काढले, काझी आणि मशिदीचे नोकर तयार करायला. माणसाची विहीर बुजवायची, मग त्याला घागरभर पाणी द्यायचं आणि तो आपल्या दारात येतो म्हणून त्याला मिंधा म्हणायचं! मी लेखात एवढंच म्हटलंय. त्यावर ‘विकाऊ’ म्हणून शिक्का मारायचा तर निदान विकत कोणी घेतलं आणि कोणाच्या पैशाने, ते तरी मथळ्यात यायला हवं. तो पैसा मशिदीचाच होता.

खरा अन्याय तर पुढे आहे आणि त्याने माझा अजून संताप होतो. 1905 मध्ये फ्रान्सने कायदा केला. धर्म आणि राज्य वेगळे, सरकार कुठल्याही पंथाला पगार देणार नाही. अल्जीरियासाठी 1907 मध्ये वेगळा हुकूम निघाला. कागदावर तिथेही फारकत झाली, पण एक कलम असं घातलं की सार्वजनिक हितासाठी गव्हर्नर जनरल काही धर्मसेवकांना तात्पुरता भत्ता देऊ शकेल. दहा वर्षांपुरतं म्हणून ठेवलं आणि मुदत वाढवत राहिले. म्हणजे पॅरिसमध्ये जे तत्त्व म्हणून मिरवलं, ते समुद्र ओलांडल्यावर कलमाच्या शेपटात बुडवलं. त्याच तत्त्वाने हबूस परत करायला हवं होतं. ते नाही केलं.

यावर उठले ते अब्दुल हमीद बिन बादीस, कॉन्स्टंटाइनचे. 1931 च्या मे महिन्यात अल्जिअर्सच्या ‘नादी अत्-तरक्की’ मंडळात उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, संघटना निघाली आणि ते अध्यक्ष झाले. तू त्यांचा भक्त, ठाऊक आहे मला. पण त्यांचंच घर बघ. वडील सरकारी सल्लागार मंडळांत बसणारे, प्रतिष्ठित. मोठ्या मशिदीत मुलाला शिकवू दिलं नाही, तेव्हा वडिलांनीच वजन वापरून हिरव्या मशिदीत शिकवायची परवानगी मिळवून दिली. तिथे हा माणूस वर्षानुवर्षं शिकवत राहिला, दिवसा मुलांना, संध्याकाळी मोठ्यांना. ज्या धड्यांतून पुढची चळवळ उभी राहिली ते सरकारी मशिदीच्या खांबापाशी, सरकारी परवानगीने चालत होते. मग वडिलांना विकाऊ म्हणायचं का? त्यांच्या त्या वजनाशिवाय बिन बादीस बसले कुठे असते?

सरकारला हे उशिरा कळलं. 16 फेब्रुवारी 1933 ला अल्जिअर्सच्या प्रीफेक्चरमधून, म्हणजे जिल्हा कचेरीतून, मिशेल नावाच्या अधिकाऱ्याचं परिपत्रक निघालं की या उलेमांवर नजर ठेवा आणि सरकारी मशिदींत त्यांना प्रवचन करू देऊ नका. धर्मापासून फारकत घेतलेलं सरकार मिंबरवर, मशिदीतल्या प्रवचनाच्या आसनावर, कोणी बसायचं ते ठरवतंय! याच संघटनेतल्या शेख तय्यब अल्-उक्बींचं प्रवचन बंद झालं तेव्हा लोक रस्त्यावर आले.

तू आता मान हलवत म्हणशील, आणि कहूलचं काय? मला माहीत होतं तू तिथेच येणार. अल्जिअर्सच्या मोठ्या मशिदीचे ते इमाम. अल्जीरियातल्या मुस्लिम संघटनांनी मिळून भरवलेल्या मुस्लिम काँग्रेसचं शिष्टमंडळ मागण्या घेऊन पॅरिसला गेलं असताना त्यांनी त्याच्या विरोधात तार केली. शिष्टमंडळ परतलं आणि 2 ऑगस्ट 1936 ला, स्टेडियमवर सभा भरलेली असताना, शहरात कहूलवर सुरा चालला. आळ आला अल्-उक्बींवर. त्यांना अटक झाली, थोड्याच दिवसांत सोडलं, पण निर्दोष सुटायला 1939 उजाडलं. काँग्रेस त्या धक्क्यातून सावरली नाही.

ती तार वाईट होती. तसं लिहिलंय मी, हातचं राखून नाही. पण जाब तारेचा मागू, पगाराचा नको. पगार तर कित्येकांच्या मुलाबाळांचं पोट होता. बांग देणारे, मशीद झाडणारे, दिवे लावणारे. त्यांनी कुठे तारा केल्या? काहींनी बिन बादीसांच्या माणसांना दार उघडून दिलं असेल, काहींनी लावून घेतलं असेल. त्या सगळ्यांना एका शब्दात गुंडाळायचं तर मग तुझ्या आजोबांनाही गुंडाळ. आपल्याकडे 1864 ला इंग्रज सरकारने काझी नेमणं सोडून दिलं, 1880 ला लोकांनीच मागितलं म्हणून पुन्हा नेमायचा कायदा केला. निकाह लावणारा, नोंद ठेवणारा माणूस गावाला लागतो, राज्य कुणाचंही असो. आणि इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनने आमच्याकडे कागद मागितले, तेव्हा सनद नव्हती म्हणून पणजोबांच्या हाती जमिनीऐवजी वर्षाचे मोजके रुपये आले. त्या रुपयांत आजोबांनी जन्मभर पहाटे गाभारा धुतला. हे मी तुला गच्चीवर सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला तुझा चष्मा फोडायचा होता.

1947 मध्ये अल्जीरियासाठी नवा कायदा झाला. त्याच्या 56 व्या कलमात स्पष्ट लिहिलं की मुस्लिम धर्मव्यवहार राज्यापासून स्वतंत्र राहील. अंमलबजावणी तिथल्या असेंब्लीवर सोपवली आणि असेंब्लीने ती कधीच केली नाही. बिन बादीस 1940 लाच गेले होते. त्यांच्यानंतर संघटनेचे अध्यक्ष झालेले बशीर इब्राहिमी मागणी करत राहिले: मशिदी द्या, हबूस द्या, काझी आमचे आम्हाला निवडू द्या. आपल्या वस्तू परत मागत होते, आणखी काही नाही.

तर मी असं ठरवलंय. उद्या संपादकांना लेखी कळवतो की मथळा ‘मशिदीचं उत्पन्न आणि इमामाचा पगार’ असा हवा. झणझणीत नाही, पण खरा आहे. नाही म्हणाले तर लेख मागे घेतो. मानधनाचे पैसे छताच्या दुरुस्तीला धरले होते, ते बघू. तुला यात काही चूक वाटत असेल तर सरळ लिही. कहूलवर तू वेगळं बोलशील आणि मला ते ऐकायचंय. फक्त फोन नको. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

शबानाला दापोलीला प्रवेश मिळाला का? वहिनींचा डोळा आता कसा आहे? मोठ्याचं दुबईचं नक्की झालं असेल तर कळव, विमानतळावर मी येईन. आंब्याच्या पेटीत यंदा खालचा थर कच्चा होता, तुझ्या त्या बागवानाला सांग. आणि बाळ्याचा नवीन नंबर असला तर पाठव, माझ्याकडचा लागत नाही.

तुझा
सदा

ता.क. केचावावरची तुझी जुनी टिपणवही अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या महिन्यात चिपळूणला येणारा कुणी मिळाला की त्याच्याबरोबर पाठवतो.