निर्लेखनाआधी संगणकाचे ‘सत्र’ तपासा

मा. संपादक,

विंडोज १० ची अद्ययावत करण्याची नेहमीची सोय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि तेव्हापासून ओळखीच्या शाळांमधून जुने संगणक निर्लेखित करण्याचीच, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचीच, भाषा ऐकू येते आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था लागते, ती जुन्या यंत्रांत नसते, हे खरे. पण यंत्र भंगारात घालायला तेवढे कारण पुरेसे नाही. मी चिपळूणच्या एका माध्यमिक शाळेत संगणक कक्ष सांभाळून निवृत्त झाले आहे, म्हणून पाहिलेले लिहिते.

जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या कक्षात छातीभर चढले आणि एकही यंत्र वाचले नाही. पुढे माजी विद्यार्थ्यांनी पुण्याहून वापरलेले १४ संगणक पाठवले, प्रत्येकी २ जीबी रॅमचे. त्यांवर मी विंडोजऐवजी लिनक्स या मोफत संगणक प्रणालीची ‘मिंट’ आवृत्ती, ‘एक्सएफसीई’ या हलक्या डेस्कटॉपसह, घातली आणि प्रत्येक मुलाला स्वतःच्या नावाचे खाते दिले. पहिले काही महिने सगळे सुरळीत चालले. मग खिडकीकडच्या यंत्रावर माउस हलवला की बाण अर्ध्या मिनिटाने हलायचा. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, ‘मॅडम, मशीन थकलंय, नवीनच घ्या.’

तो गेल्यावर मी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही बटणे एकदम दाबली. चित्रांचा डेस्कटॉप बाजूला होऊन काळा पडदा आला. तिथे माझ्या नावाने आत जाऊन कोण कोण आत आहे ते दाखवणारी ‘लॉगिनसीटीएल’ (loginctl) ही आज्ञा दिली, तर एकाखाली एक सहा मुलांची नावे! तासाची घंटा झाली की मुले पडदा लॉक करून पळायची. पुढच्या तासाचे मूल ‘वापरकर्ता बदला’ दाबून आपल्या खात्यात शिरायचे. आधीच्याचा ब्राउझर, त्याचे चित्र, त्याचा तक्ता सगळे मागे तसेच उघडे राहायचे. २ जीबीत सहा डेस्कटॉप कसे मावणार?

अशा प्रत्येक उघड्या राहिलेल्या खात्याला संगणकाच्या भाषेत ‘सत्र’ म्हणतात. ते बाहेरून तोडून टाकायची आज्ञाही असते. ती मी दिली नाही, कारण त्यात सेव्ह न केलेले काम जाते. मधल्या सुट्टीत सहाही मुलांना बोलावले, प्रत्येकाकडून काम सेव्ह करून घेतले आणि ‘लॉग आउट’ करायला लावले. सातवीतल्या एका मुलीचे अर्धे झालेले वारली चित्र त्यामुळे वाचले. शेवटचे मूल बाहेर पडले आणि बाण पूर्वीसारखा पळू लागला. एक रुपयाही खर्च झाला नाही.

शाळेत सत्र म्हणजे सहा महिने. संगणकाचे सत्र पासवर्ड दिल्यावर सुरू होते आणि लॉग आउट केल्यावरच संपते. पडदा बंद केल्याने किंवा लॉक केल्याने ते संपत नाही. आठवीच्या मुलांना एवढे एका तासात कळते.

लिनक्सचा मला सर्वांत मोठा आधार वाटतो तो सत्र सुरू करतानाच डेस्कटॉप निवडता येतो याचा. अमेरिकेतील एमआयटीत १९८४ मध्ये ‘एक्स विंडो’ ही प्रणाली सुरू झाली. तिची १९८७ ची अकरावी आवृत्ती, अर्थात पुष्कळ सुधारून, आमच्या कक्षात आजही चालते. पडदा, कळफलक आणि माउस सांभाळणे एवढेच तिचे काम. खिडक्या कशा दिसाव्यात, मेनू कुठे असावा, हे वेगळे प्रोग्राम ठरवतात. म्हणून डेस्कटॉप बदलता येतो. आमच्या सर्वांत अशक्त दोन यंत्रांवर मी ‘एलएक्सक्यूटी’ हा हलका डेस्कटॉपही बसवला. लॉगिनच्या पडद्यावर नावाजवळच्या लहान चिन्हावर टिचकी मारून तो निवडायचा. मुलाच्या फायली जागच्या जागी राहतात.

आणखी एक दुखणे वारंवार येते. पासवर्ड बरोबर असतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनच समोर. मूल रडकुंडीला येते, शिक्षक म्हणतात यंत्र गेले. अनेकदा डिस्क काठोकाठ भरलेली असते आणि सत्र सुरू होताना लिहावी लागणारी लहानशी फाइल लिहायला जागा नसते. काळ्या पडद्यावर ‘डीएफ’ (df) आज्ञा दिली की किती जागा उरली ते दिसते. आमच्याकडे एका खात्यातल्या कचरापेटीत गॅदरिंगचे व्हिडिओ साठले होते. पेटी रिकामी केली, मूल आत गेले.

केरळच्या सरकारी शाळांत लिनक्ससारख्या मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरवर शिकवले जाते. आपल्याकडेही होऊ शकेल. शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की निर्लेखनाच्या प्रस्तावात ‘हे यंत्र लिनक्सवर चालवून पाहिले का’ असा रकाना असावा, आणि संगणक शिक्षकांच्या प्रशिक्षणात सत्र सुरू करणे, संपवणे आणि अडकलेले सत्र सोडवणे हे हाताने करून घ्यावे. चिपळूण, खेड, गुहागर भागातल्या कोणत्याही शाळेने बोलावले तर मी लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन येईन. एका यंत्राला साधारण अर्धा तास लागतो.

– एक निवृत्त संगणक शिक्षिका, चिपळूण