आबा, लाल पाम तुमच्यामुळे जगला

आदरणीय आबा,
सप्रेम नमस्कार.

समोर आले की तुम्ही आभार मानूच देत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

लाल पाम विकत घेतला तेव्हा विकणाऱ्यानं मला बजावलं होतं, "पाणी बेतानं घाला, नाहीतर मुळं कुजतील." मी अंगणातल्या जांभ्याच्या भरावावर तो लावला आणि दोन दिवसांआड तांब्याभर पाणी घातलं. डिसेंबरात पानांची टोकं करपली, मार्चपर्यंत दोन झावळ्या वाळल्या. बुरशी समजून मी औषधही मारलं. तुम्ही सुपारी द्यायला आलात, बुंध्याशी बोट खुपसलंत, माती चिमटीत चुरडलीत. ती पिठासारखी उडाली. "ह्येका पाणी व्हया," एवढंच म्हणालात.

हे झाड मलाया, सुमात्रा, बोर्निओकडच्या दलदलीतलं, हे मी नंतर वाचलं. कुजलेल्या पाल्याच्या आम्लधर्मी, सदा ओल्या जमिनीत ते वाढतं. मुळांशी पाणी साचलं तरी त्याला चालतं. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनच्या बोधचिन्हात हेच झाड आहे. तुम्ही मात्र पाटाचं पाणी चुकलेल्या पोफळी आयुष्यभर पाहिल्यात, तुम्हाला पान बघूनच कळलं.

जूनमध्ये तुम्ही त्याला विहिरीच्या पाटाकडे नेलंत, जिथे आमचं अळू माजतं तिथे. खड्ड्याच्या तळाशी नारळाची सोडणं खोलगट बाजू वर करून लावलीत, म्हणजे प्रत्येक सोडणात पाणी धरून राहील. वर शेणखत आणि कुजका पालापाचोळा. मुळांचा गड्डा फुटू नये म्हणून तो गोणपाटात बांधून तुम्ही आणि ह्यांनी दोघांनी उचलून आणलात. सावलीला शेजारच्या पोफळी होत्याच. उन्हाळ्यात आम्ही गावाला गेलो तेव्हा आमच्या पाटाची पाळी तुम्ही सांभाळलीत, हेही मला शेजारून कळलं.

वर्षभर तो जागचा हललाच नाही, मी धीर सोडला होता. तुम्ही येता-जाता फक्त आळं ओलं आहे ना ते बघायचात.

आता तिसरा पावसाळा. बुंध्याशी चार फुटवे आहेत. परवा मोठ्या खोडाचं जुनं आवरण गळून पडलं आणि आतलं नवं दिसलं: ओल्या कुंकवासारखं लाल, त्यावर पावसाचे थेंब. मी सासूबाईंना हाताला धरून पाटापर्यंत नेलं.

चतुर्थीला याल तेव्हा आधी मागच्या दारी या.

तुमची,
वरच्या वाडीतली सूनबाई