चौदा नंबरच्या बोल्टाचे जाहीर आभारपत्र

फोंडा, गोवा

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या सोप्यावर बसून मी जुन्या गाडीच्या दुरुस्तीतल्या मदतीबद्दल आभार मानू लागलो, तेव्हा आपण "चहा निवतोय" एवढेच म्हणून विषय बदललात. समोरासमोर आपण बोलू देणार नाही हे कळल्यावर मी लिहायचे ठरवले, आणि जाहीर लिहायचे ठरवले ते अशासाठी की गोव्यात घरामागच्या शेडीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या कमी नाहीत, आणि त्यांच्या मालकांना आपले घर सापडेलच असे नाही.

आमची फोक्सवॅगन बीटल आजोबांनी १९५९ साली, म्हणजे गोवा मुक्तीच्या दोन वर्षे आधी घेतली. त्या काळी युरोपातल्या गाड्या इथे थेट येत असत. गाडी जर्मन असल्यामुळे तिचा प्रत्येक बोल्ट जन्मतः मिलिमीटरमधला; पुढच्या दुरुस्त्या मात्र ज्या दुकानांतल्या मालावर झाल्या, तिथे कित्येक वर्षे सुताचा हिशेब चालत होता. अडीच सूत म्हणजे पाच-सोळांश इंच, तीन सूत म्हणजे तीन-अष्टमांश. परिणामी गाडी अर्धी मिलिमीटरची आणि अर्धी सुताची झाली होती, आणि हे मला आपल्याकडे येईपर्यंत ठाऊक नव्हते.

मडगार्ड काढताना खाऱ्या हवेने खाल्लेले सहा बोल्ट मोडले. उरलेल्यांना १४ नंबरचा पाना बसत होता, म्हणून मी बाजारात जाऊन १४ नंबरचे बोल्ट मागितले. दुकानदाराने प्रामाणिकपणे मारुतीला चालतात ते, १४ चा पाना लागणारे बोल्ट दिले. घरी आल्यावर ते भोकात शिरेनातच. मी त्यांना तेल लावले, हातोडीचा हलका ठोका दिला आणि मग, लिहिताना लाज वाटते, भोकच थोडे मोठे करावे काय असा विचार करू लागलो. त्या संध्याकाळी मित्राने मला आपल्याकडे आणले नसते तर मी ड्रिल लावलेच असते.

आपण आधी पाना बाजूला ठेवायला सांगितलात. पान्याचा नंबर हे बोल्टाच्या डोक्याचे माप असते, बोल्टाचे नव्हे, हे वाक्य आपण तीनदा म्हणालात, आणि तिसऱ्यांदा मला कळले. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला जपानी पद्धतीत, म्हणजे मारुतीतही, १४ चे डोके असते, जुन्या जर्मन पद्धतीत १७ चे. ८ मिलिमीटरच्या बोल्टाचे डोके जपानी गाड्यांत १२ चे, आजच्या युरोपीय मापात १३ चे आणि आमच्या बीटलच्या काळातल्या जर्मन मापात १४ चे. म्हणजे माझे मडगार्ड एम८ वर (८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टांवर) उभे होते आणि मी एम१० घेऊन आलो होतो. ज्याने आयुष्य मांडवी-जुवारीवरच्या बार्जींच्या दुरुस्तीत घालवले, त्याला यात नवल वाटू नये. मला मात्र पन्नाशीत नवे अक्षर शिकल्यासारखे वाटले.

मग आपण व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकपट्टी, काढलात. वापरलेल्या बोल्टाचा बाहेरचा व्यास ७.८५ भरला, आणि आट्यांची शिखरे नव्यातही जराशी कमीच ठेवलेली असतात म्हणून तो ८ चाच, असे आपण सांगितलेत. नुसता व्यास पुरत नाही म्हणून थ्रेड गेजच्या, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये ओळखायच्या दातेरी पाती एकेक लावून पाहायला मला बसवलेत. १.० ची पात डगमगली, १.५ ची दोन दातांनंतर वर उचलली गेली, १.२५ ची मात्र उजेडासमोर धरल्यावर फटच दिसेना. लांबी डोक्याच्या खालच्या बाजूपासून टोकापर्यंत मोजायची, डोके धरायचे नाही, हेही तेव्हाच शिकलो. पत्र्यात बुडणाऱ्या चपट्या डोक्याच्या बोल्टाला तेवढा अपवाद.

पण माझे खरे आभार आपल्या एका नकारासाठी आहेत. बीटलचे इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी आवळलेले असते. त्यातल्या वरच्या दोन बोल्टांपैकी एक पूर्वीच्या कुणीतरी बदललेला होता, आणि मूळ नट त्यावर बोटांनी सरसर चढत होता. "बसतोय की," असे मी म्हणालो. आपण नट अर्ध्यावर थांबवून अंगठ्याने हलवून दाखवलात. तो डुलत होता. बोल्ट तीन सुताचा होता: व्यास सुमारे ९.५ मिलिमीटर, इंचाला १६ आटे, म्हणजे एका आट्याला जवळजवळ १.५९ मिलिमीटर. नट एम१० चा, आट्याला १.५. व्यास कमी असल्यामुळे हा थोडासा फरक त्या सैलपणात लपतो, पाचेक आट्यांचा नट तक्रार न करता चढतो, आणि आवळताना मात्र भार सगळ्या आट्यांवर न पडता त्यांच्या शेंड्यांवर, तेही एकदोघांच्याच, पडतो. जो बोल्ट शिरतच नाही त्याची भीती नाही, जो शिरतो आणि डुलतो त्याची आहे, असे आपण म्हणालात. त्या बोल्टावर मी दोन पावसाळे चोर्ला घाट चढलो-उतरलो होतो!

यापुढे मी जरा शहाणपणा करायला गेलो. डोक्यावर १२.९ हा मजबुतीचा वरचा दर्जा लिहिलेले काळे बोल्ट दिसले की सगळीकडे तेच घालावेत असे वाटते, आणि मडगार्डला स्टेनलेस घातले की गंजाचा प्रश्न मिटला असेही वाटते. आपण दोन्ही सूचना फेटाळल्यात. मूळ बोल्टाच्या डोक्यावर पुसटसे '८जी' होते. तो जुना जर्मन शिक्का आजच्या ८.८ चा, म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणारा आणि ६४० च्या आसपास कायमचा ताणला जाणारा, आणि तेवढाच इथे हवा. जास्त कडक पोलाद जास्त ठिसूळ, त्यात त्यावर जस्ताचा मुलामा नीट भट्टी न देता चढवला तर ते हायड्रोजन पिऊन आवळल्यावर काही तासांनी आपोआप तडकू शकते. स्टेनलेसबद्दल आपले म्हणणे असे, की बॉडीच्या आत वेल्ड केलेला नट साध्या लोखंडाचा आहे. खारा ओलावा मध्ये आला की बोल्ट चकचकीत राहील आणि गंज नटाच्या वाट्याला येईल, आणि नट बदलायला पत्रा कापावा लागेल. याच्याशी मी आजही पूर्ण सहमत नाही, कारण शेजारच्या गाडीला स्टेनलेस बारा वर्षे टिकले आहे. तरी आपलेच ऐकले, ग्रीस लावून मुलामा दिलेले ८.८ घातले.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर कसे मागायचे ते आपण माझ्याच वहीत लिहून दिलेत: हेक्स बोल्ट, एम८ × १.२५ × २०, पूर्ण आट्यांचा, ८.८. चार गोष्टींच्या त्या एका ओळीवर माल पहिल्या खेपेला बरोबर आला. १४ च्या डोक्याचे जुने सहा नग मात्र आपण पत्र्याच्या डब्यातून शोधून दिलेत आणि पैशांचे नाव काढू दिले नाहीत. आतल्या नटांत टॅप (आटे साफ करायचे हत्यार) फिरवताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे करत आपण दोन तास उकिडवे बसलात, गुडघा दुखत असताना. ते मी विसरलेलो नाही.

आपला थ्रेड गेज अजून माझ्याकडेच आहे. चवथीला गाडीनेच येऊन तो परत करतो. सोबत कार्ब्युरेटरजवळ सापडलेले दोन बोल्ट आणतो आहे. बाहेरचा व्यास ६.९ भरतो, १.० ची पात चोख बसते, बाजारात कुणी ओळखत नाही. मला तो एम७ वाटतो. बरोबर आहे का, ते आपण सांगा.

आपला कृपाभिलाषी,
बीटलवाला