समारियाची घळ ‘सोपी’ नाही हो, गुडघ्यांना विचारा!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या क्रीट बेटावरचा लेख वाचला. फोटो झकास, लिहिलंयपण छान, पण समारियाच्या घळीबद्दल लिहिताना लेखकाने जे म्हटलंय की सगळा रस्ता उताराचाच आहे, चढायचं काहीच नाही, त्यामुळे ज्येष्ठांनाही आरामात नेता येईल, ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोला हाक मारली. तिने तेवढाच परिच्छेद वाचला आणि म्हणाली, "अहो, यांना माझ्या पायाच्या नखांचा फोटो पाठवा." फोटो पाठवत नाही, पण पत्र लिहितोय.

मी 62 वर्षांचा, डोंबिवलीत राहतो, आणि कॉलेजपासून सह्याद्रीत भटकतोय. बायको 58 ची, माझ्याइतकी नाही पण राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई तिचे झालेत. गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी मुलगी आणि जावई युरोपातूनच तिकडे आले, आम्ही इथून गेलो, आठ दिवस क्रीटमधल्या हानिया शहरात राहिलो (नकाशात इंग्रजी स्पेलिंग बघून आम्ही तीन दिवस चानिया चानिया करत होतो, बसच्या तिकीट खिडकीवरच्या बाईने शेवटी दुरुस्त केलं). म्हणजे आम्ही काही हौशे-नवशे नव्हतो, तरी जे झालं ते झालं.

आधी ती जागा काय आहे ते सांगतो, कारण लेखात निळा समुद्र आणि चीज यावरच जास्त भर होता. क्रीटच्या पश्चिमेला लेफ्का ओरी नावाची डोंगररांग आहे, म्हणजे पांढरे डोंगर. पांढरे कारण चुनखडीचे, आणि वर हिवाळ्यात बर्फ असतो तो वसंतातही बरेच दिवस टिकतो. सगळ्यात उंच शिखर पाखनेस, 2453 मीटर, आपल्या कळसूबाईच्या दीडपट धरा. बेटावरचं सगळ्यात उंच शिखर मात्र हे नाही, तो मान मधल्या भागातल्या प्सिलोरितिसला, आणि तो म्हणे तीनच मीटरने जास्त आहे. तिकडचे लोक गमतीत सांगतात की पाखनेसवर जाणारा प्रत्येक जण एकेक दगड रचून येतो, तेवढाच फरक भरून निघेल. याच रांगेतून समारियाची घळ दक्षिणेला समुद्रापर्यंत उतरते. 1962 साली तिथे राष्ट्रीय उद्यान केलं, क्री-क्री नावाची तिथली रानशेळी वाचवायची हे त्यातलं एक मोठं कारण, आणि घळीच्या मधोमध समारिया नावाचं गाव होतं तिथली माणसं त्याच वर्षी बाहेर पडली. घरं आहेत अजून, दगडी, काही दुरुस्त करून पहारेकऱ्यांना दिलीत.

आता उताराचं. सुरुवात ओमालोसच्या पठाराच्या टोकाला, क्सिलोस्कालो नावाच्या जागेवरून, म्हणजे लाकडी जिना, पूर्वी झाडाच्या खोडांचा जिना होता म्हणून. उंची साधारण 1230 मीटर. शेवट समुद्रावर, म्हणजे शून्य. एकूण 16 किलोमीटर. हे आकडे एका ओळीत वाचले की वाटतं काय, वर्षभर सकाळचा वॉक करणारा माणूस करेल की. पण हा उतार सोळा किलोमीटरवर सारखा वाटलेला नाहीये हो! पहिल्या चारेक किलोमीटरमध्येच जवळजवळ निम्मी उंची उतरून होते, नागमोडी पायऱ्या पायऱ्या, दगड लावलेल्या, बाजूला लाकडी कठडा, आणि त्या पायऱ्यांवरचे दगड इतक्या वर्षांच्या बुटांनी घासून घासून असे गुळगुळीत झालेत की आपल्याकडे जुन्या देवळाचा उंबरठा असतो ना तसे. आपल्या काळ्या कातळावर बूट धरतो, तिथला चुनखडीचा दगड धरत नाही. मी तिसऱ्याच वळणावर बसलो, म्हणजे बसायचं नव्हतं, बसलो.

ज्यांनी नळीच्या वाटेने किंवा कुठल्याही घाटवाटेने कोकणात उतरून बघितलंय त्यांना सांगायला नको. चढताना दम लागतो, थांबलं की जातो. उतरताना दम लागत नाही म्हणून माणूस थांबत नाही, आणि प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, ते दुखणं त्या दिवशी कळतच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कमोडवर बसताना कळतं. हानियाला आमच्या हॉटेलच्या जिन्यावर बायको दुसऱ्या दिवशी पाठमोरी, कठडा धरून उलटी उतरत होती, आणि वरून एक जर्मन जोडपं येत होतं, तेही उलटं! चौघं एकमेकांकडे बघून जे हसलो, भाषा लागलीच नाही. बायकोचं तर बुटाच्या टोकाला आपटून आपटून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, पुढे महिन्याभरात एक गळूनच पडलं. बूट नवे होते, मॉलमधले, उभ्याने घालून बघितलेले. उतारासाठी बूट घेताना दुकानात पाय पुढे सरकवून बोटं टेकतात का बघायचं, हे मी लोकांना चाळीस वर्षं सांगतोय आणि घरात सांगायचं विसरलो, हा माझा गुन्हा कबूल.

उतार संपला की मजा सुरू असं समजू नका, कारण मग नदीचं पात्र. पांढरे गोटे, नारळाएवढे, काही कलिंगडाएवढे, त्यातून वाट. चुनखडीचा प्रदेश असल्यामुळे पाणी मधेच जमिनीत गडप होतं आणि पुढे अर्ध्या-एक किलोमीटरवर पुन्हा कुठून तरी वर येतं, ते बघायला मजा येते, पण घोट्याचं काय. एक मात्र मानलं पाहिजे, वाटेत झऱ्यांना नळ आणि डोण्या लावल्यात, पिण्याचं गार पाणी, दोन दोन किलोमीटरवर बसायच्या जागा, संडास, आणि कचरा दिसला नाही, म्हणजे मी मुद्दाम बघत होतो, एका कोपऱ्यात एक टिश्यू पेपर दिसला तेव्हा जरा बरंच वाटलं की हीसुद्धा माणसंच आहेत. सायप्रस नावाची झाडं म्हातारी म्हातारी, फांद्या आडव्या पसरलेल्या, खोडं अशी पिळवटलेली की ओलं कापड पिळून तसंच ठेवलंय.

समारिया गावात आम्ही डबा सोडला. घरून नेलेली शेंगदाण्याची चिक्की बाहेर काढली आणि एक क्री-क्री, चांगली मागे वळलेली शिंगं असलेली, तपकिरी, येऊन जावयाच्या बॅगेत तोंडच घालायला लागली. दुर्मीळ प्राणी म्हणून आपण दुर्बिणीने शोधायचा आणि तो इथे चिक्की मागतोय. पहारेकरी लांबून शिट्टी वाजवत आला, खायला घालू नका म्हणून खुणेने सांगितलं, आणि शेळीलापण काहीतरी बोलला ग्रीकमध्ये, ती सराईतासारखी बाजूला झाली. त्याच गावात दोन खेचरं बांधलेली होती. ती कशाला, तर ज्याचा पाय मुरगळतो त्याला आणायला. घळीत शिरल्यावर बाहेर पडायचे रस्ते दोनच, वरचा आणि खालचा, मधून कुठे गाडी येत नाही. म्हणजे आठव्या किलोमीटरवर आईंचा गुडघा गेला तर रिक्षा मिळणार नाहीये, खेचर मिळेल, आणि खेचरावरून त्या गोट्यांतून जाणं हा काही वेगळा आनंद नाही. हे लेखात यायला नको होतं का?

अकराव्या किलोमीटरच्या आसपास सिदेरोपोर्तेस, लोखंडी दरवाजे. लोखंड नाही आणि दरवाजाही नाही, दोन्ही बाजूच्या भिंती इतक्या जवळ येतात की मध्ये तीनचार मीटरची फट उरते आणि भिंती वर तीनेकशे मीटर. सांदण दरी पाहिलेल्या माणसाला अरुंदपणाचं विशेष वाटणार नाही, सांदण त्याहून चिंचोळी आहे, पण ही उंची बघून मी टोपी काढली, खरंच काढली, कारण मान वर करताना ती पडतच होती. पाण्यावरून लाकडी फळ्यांची वाट केलीय. फळ्यांवरून चालताना सगळे आपोआप हळू बोलायला लागतात. तिथे आम्ही फोटोबिटो काढत वीस मिनिटं घालवली, आणि ती पुढे महागात पडली.

कारण 13 किलोमीटरवर उद्यान संपतं आणि लोकांना वाटतं झालं. झालं नाही! अगिया रुमेली गाव अजून तीन किलोमीटर, आणि त्या पट्ट्यात सावली जवळपास नाही, दुपारची वेळ, दगड तापलेले, पाय गेलेले. आणि अगिया रुमेलीला रस्ताच नाही. गाडी नाही, बस नाही. एक तर चालत जा नाही तर बोट. 1941 च्या मे महिन्यात जर्मन सैन्य बेटावर उतरलं तेव्हा ग्रीसचा राजा जॉर्ज दुसरा हे डोंगर ओलांडून इथेच पोचला आणि इथूनच रात्री ब्रिटिश विनाशिकेत बसून इजिप्तला गेला. राजालासुद्धा बोटच. आमची बोट संध्याकाळी साडेपाचची होती, ती चुकली असती तर त्या रात्री गावातच मुक्काम शोधावा लागला असता. आम्ही पोचलो पाच वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे समुद्रात पाय बुडवायची जी स्वप्नं होती ती बोटीच्या कठड्यावरूनच पाहिली. जावयाने पळत जाऊन बार्लीच्या कडक टोस्टवर टोमॅटो आणि चीज घातलेलं ते दाकोस आणलं, बायकोने बूट काढून ते खाल्लं आणि बोट सूया गावाला पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

एका गोष्टीचं मात्र कौतुक करतो आणि ती आपल्या जिल्हा प्रशासनातल्या कोणी वाचली तर बरं. वरती घेतलेलं तिकीट शेवटपर्यंत जपायचं असतं, बाहेर पडताना ते बघतात. मला वाटलं काय ही सरकारी हौस, एकदा पैसे घेतल्यावर परत कशाला. तर ते मोजण्यासाठी आहे! वरून किती शिरले आणि खालून किती निघाले, कोणी आत राहिलंय का. माझं तिकीट शर्टाच्या खिशात घामाने भिजून पार लगदा झालेलं, त्या माणसाने ते दोन बोटांनी उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि हसून पुढे जा म्हणाला. तसंच दुपारनंतर आलेल्याला पूर्ण घळ करू देत नाहीत, पाऊस किंवा फार ऊन असलं की त्या दिवशी बंद, आणि नोव्हेंबर ते एप्रिल तर बंदच, कारण तेव्हा ती वाट नसते, नदी असते. आपल्याकडे दर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, नाक्यावर एक पोलीस उभा राहतो, आणि आत किती माणसं गेलीत हे संध्याकाळी कोणालाच माहीत नसतं. सांदणच्या तोंडाशी साम्रदला एक वही आणि एक माणूस बसवायला काय लागतं?

कोणाला घाबरवायला हे लिहीत नाहीये. जा, जरूर जा, मी पुन्हा जाईन. पण आईबाबांना नेणार असाल तर दोन पर्याय आहेत जे लेखात नव्हते. एक, बोटीने थेट अगिया रुमेलीला जायचं आणि खालच्या बाजूने घळीत शिरून लोखंडी दरवाजांपर्यंत चालून परत यायचं, सगळ्यात देखणा भाग तोच, उतार नावापुरता, आणि दमलं की मागे फिरता येतं. तिकडे याला आळशी लोकांची वाट म्हणतात, म्हणू देत. दुसरा, त्याच डोंगरात पूर्वेला इंब्रोसची घळ, साधारण आठ किलोमीटर, तीही अरुंद, तीही सुंदर, आणि संपते तिथे डांबरी रस्ता आहे. आमच्या ओळखीचे एक सत्तरीचे काका गेल्या सप्टेंबरात मी सांगितल्यावरून इंब्रोस करून आले, काठी घेऊन, मधे दोनदा बसून.

तेव्हा पुढच्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापाल का? उंचीचा आकडा, मधून बाहेर पडायला रस्ता नाही हे, आणि शेवटची बोट, एवढं आलं तरी चालेल. लेखकमहाशय तिथे खरंच चालून आले असतील तर त्यांना जिना कसा उतरलात एवढं जरूर विचारा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली

ता.क. बायको म्हणतेय नखाचंपण छापा, नवं पूर्ण यायला अकरा महिने लागले.