फोटोतल्या अकरा जणांची नावे

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

जूनच्या पावसात आमच्या तालमीची मागची भिंत पाझरायला लागली, म्हणून तिथले सगळे फोटो उतरवून कट्ट्यावर ठेवले होते. त्यात एक तालमीच्याच फुटबॉल संघाचा होता. काळा-पांढरा, काच तडकलेली, पुठ्ठ्याला बुरशी. मागे सहा जण उभे, पुढे पाच बसलेले, मध्ये चषक. फोटो उलटा करून पाहिला. स्टुडिओचा शिक्का होता, फ्रेमवाल्याने पेन्सिलीने लिहिलेली मापे होती. नाव एकाचेही नव्हते. शेजारी बसलेल्या पोरांना विचारले, हे कोण रे? "जुनी टीम हाय काका," म्हणाली. पोरांचा दोष नाही. याच तालमीच्या नावासाठी ती भर उन्हात गुडघे फोडून घेतात. पण त्यांना कुणी सांगितलेलेच नाही, तर कळणार कसे?

बँकेच्या बदलीमुळे मी २००० ते २००४ अशी चार वर्षे कोलकात्यात, श्यामबाजार भागात भाड्याने राहिलो. घरमालक मोहन बागान या तिथल्या जुन्या फुटबॉल क्लबचे चाहते. त्यांच्या बैठकीत एक फोटो होता आणि तोही काळा-पांढराच. २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ हरवून आयएफए शिल्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकणाऱ्या मोहन बागानच्या संघाचा. त्या अकरांतले दहा जण अनवाणी खेळले होते, बूट फक्त सुधीर चटर्जींच्या पायात होते. मी गेलो त्या पहिल्याच २९ जुलैला घरमालकांनी तिसरीतल्या नातवाला फोटोसमोर उभे केले आणि त्याने एका दमात म्हणून दाखवले: हिरालाल मुखर्जी, भूती सुकुल, सुधीर चटर्जी, मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्ता, नीलमाधव भट्टाचार्य, कानू रॉय, हाबुल सरकार, अभिलाष घोष, विजयदास भादुरी, शिबदास भादुरी. आपल्याकडे पोरे संध्याकाळी परवचा म्हणायची, अगदी तसे. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलेला, आणि माझ्या तालमीचे जुने अकरा मला सांगता येत नव्हते. त्या दिवशी फार वाईट वाटले.

हे पाठांतर आपोआप होत नाही, क्लब त्यासाठी झटतो. २९ जुलै हा दिवस तिथे 'मोहन बागान दिन' म्हणून पाळतात. मैदानावरच्या क्लबच्या तंबूत (क्लबच्या कार्यालयाला तिथे तंबूच म्हणतात) झेंडा चढतो, माजी खेळाडूंचा सामना होतो आणि २००१ पासून 'मोहन बागान रत्न' दिले जाते. पहिले मिळाले शैलेन मन्ना यांना. १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार. क्लबसाठी एकोणीस वर्षे खेळले ते नोकरीच्या पगारावर, क्लबकडून मानधन न घेता. २०१९ मध्ये क्लबने हे रत्न केशव दत्त यांनाही दिले. ते हॉकीपटू, १९४८ आणि १९५२च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या संघांतले. तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती, पण त्यांच्या हयातीत दिले हे महत्त्वाचे. याच बाबतीत माझी बागानवाल्यांवरही तक्रार आहे. १९७७ मध्ये ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाला २-२ असे रोखले, तेव्हा गोलात उभे होते शिवाजी बॅनर्जी. त्यांना हे रत्न २०२१ मध्ये मिळाले, आणि ते तर २०१७ सालीच गेले होते. माणूस समोर असताना त्याच्या हातात द्यायची गोष्ट भिंतीवरच्या तसबिरीला देऊन काय उपयोग?

तरीही त्यांनी नावे जिवंत ठेवली आहेत हे कबूल करावेच लागेल. 'चिनी भिंत' म्हणून ओळखले जाणारे बचावपटू गोष्ठ पाल, पद्मश्री मिळालेले आपल्या देशातले पहिले फुटबॉलपटू, यांच्या नावाचा रस्ता त्या मैदानाशेजारूनच जातो, तिथेच त्यांचा पुतळा आहे. उत्तर कोलकात्यात शिबदास भादुरींच्या नावाचा रस्ता आहे. आणि एप्रिल २०२३ मध्ये क्लबच्या प्रवेशद्वाराला चुनी गोस्वामींचे नाव दिले, त्याचे उद्घाटन आपल्या सुनील गावसकरांच्या हस्ते झाले. चुनीदा १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार, बंगालकडून रणजीही खेळलेले, पण फुटबॉलमध्ये जन्मभर एकाच क्लबचे. मला ही फाटकाची कल्पना फार आवडते. सत्कार तासाभरात आटोपतो. फाटकातून मात्र पोरांना रोज सरावाला आत जावे लागते, आणि कधी ना कधी एखादे पोर वर बघून विचारतेच, हे कोण?

आता घरची गोष्ट. मागच्या हंगामात एका स्पर्धेचा अंतिम सामना होता. मंडपात सोफे, फेटे, शाली, पाहुण्यांची नावे वाचता वाचता निवेदकाचा घसा बसायची वेळ आली. आणि आमच्या तालमीचे एके काळचे लेफ्ट हाफ, ज्यांना सगळी पेठ मामा म्हणते, ते रांगेत उभे राहून तिकीट काढून गॅलरीत आले. वय शहात्तर. वर चढवेना म्हणून खालच्याच पायरीवर रुमाल टाकून बसले. पायजमा थोडा वर सरकला तेव्हा त्यांची नडगी दिसली. हाडावर तीन ठिकाणी खड्डे आहेत, अंगठा बसेल एवढे. शिनगार्ड न बांधता खेळण्याचा काळ तो. मी म्हणालो, "मामा, चला, मंडपात सांगतो, खुर्ची देतील." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे गड्या. मॅच बघाय आलोय, खुर्ची बघाय न्हवं." त्यांना राग नव्हता. मला मात्र सामना संपेपर्यंत तिकडे नीट बघवले नाही.

बाहेरगावचे खेळाडू आणायला आज आमच्या मंडळांकडे पैसा उभा राहतो, आणि राहावा, खेळ वाढतोच आहे. त्याच पैशातले चार आणे या माणसांसाठी काढा. शाहू स्टेडियमवर पन्नासभर खुर्च्या जुन्या खेळाडूंसाठी राखीव ठेवा, तिकिटाविना, प्रत्येक सामन्याला. हंगामाच्या पहिल्या दिवशी संघाचा झेंडा एखाद्या म्हाताऱ्या खेळाडूच्या हातून चढू दे. नव्या पोराला जर्सी द्याल तेव्हा त्या जागेवर पूर्वी कोण खेळायचे हे त्याला सांगा, जमले तर तो माणूसच समोर आणून उभा करा. प्रत्येक तालमीने आपल्या मैदानाच्या, जिमच्या, नाहीतर निदान दाराच्या चौकटीवर एक तरी नाव लिहावे. आणि सगळ्यात आधी, या पावसाळ्यातच, भिंतीवरचे फोटो उतरवून त्यांच्या मागे नावे लिहावीत. ती सांगू शकणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत.

मी सुरुवात केली आहे. आमचा फोटो मामांच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, काचेवर बोट ठेवत एकेकाचे नाव, हुद्दा, गल्ली, कोण कुठल्या पायाने मारायचा हे सांगितले, मी वहीत उतरवून घेतले. पुढच्या रांगेत उजवीकडून दुसरे ते स्वतः. आठ नावे मिळाली. तीन जणांचे चेहरे मामांना आठवतात, नावे आठवत नाहीत. त्यातला एक मागच्या रांगेत डावीकडून पहिला, उंच, गुडघ्याला रुमाल बांधलेला. दुसरा त्याच्या शेजारचा, कुरळ्या केसांचा, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघून हसणारा. तिसरा गोलकीपर, त्याच्या स्वेटरच्या कोपराला ठिगळ आहे. फोटो १९७० च्या आसपासचा असावा, असे मामा म्हणतात. आपल्या घरात कुणाला हे वर्णन ओळखीचे वाटत असेल, आजोबांचे, काकांचे, शेजाऱ्याचे, तर हे पत्र त्यांना वाचून दाखवावे आणि संपादकांमार्फत मला कळवावे. ओळीने अकरा जागा आखून ठेवल्या आहेत, त्यातल्या तीन रिकाम्या आहेत.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर