अपो बेट आधी राखलं ते चौदा घरांनी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फिलिपाइन्सच्या सहलीवर आलेला लेख वाचला. जून 2025 पासून भारतीयांना तिथे 14 दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे अशा लेखांना आता पूर येणार. फोटो छान होते, खर्चाचा हिशेबही उपयोगी होता. फक्त अपो बेटाबद्दलचं एक वाक्य मला खटकलं. 'सरकारने मासेमारीवर बंदी आणल्याने इथे कासवं किनाऱ्यापर्यंत येतात', असं लेखक म्हणतात. बेटावर मासेमारी बंद नाही. आणि जी राखण झाली तिची सुरुवात सरकारने केलेली नाही.

मी जहाजावर इंजिनीअर होतो, तीस वर्षं. मर्चंट नेव्हीत गेलेला प्रत्येक मराठी माणूस फिलिपिनो खलाशांबरोबर जेवलेला, भांडलेला आणि त्यांचं कराओके नाइलाजाने ऐकलेला असतो. माझ्या एका जहाजावरचा फिटर फिलिपाइन्समधल्या दाउइन गावचा होता. एकदा इंजिनरूममधून वर येऊन चहा घेताना त्याने विचारलं, "चीफ, तुमच्याकडे समुद्र कोणाचा?" मी म्हटलं, सरकारचा, आणखी कोणाचा? तो म्हणाला, "आमच्याकडे पहिले 15 किलोमीटर गावाचे." मला ती थाप वाटली. पुढे कळलं की ते खरं आहे. तिथल्या 1991 आणि 1998 च्या कायद्यांनी किनाऱ्यापासून 15 किलोमीटरपर्यंतचं पाणी त्या त्या नगरपालिकेच्या अखत्यारीत दिलं आहे, आणि तिथे पहिला हक्क छोट्या होड्यांचा. मोठी जहाजं नियम मोडून आत येतातच, हल्ली या हद्दीवरून कोर्टबाजीही चालू आहे. पण समुद्रावर गावाचं नाव कायद्याने लिहिलेलं असणं, ही गोष्ट मालवणच्या माणसाच्या डोक्यातून जात नाही.

2009 साली सुट्टीत मी दाउइनला गेलो. नेग्रोस बेटाच्या दक्षिणेला, दुमागेते शहरापासून पंधराएक किलोमीटरवर. नगरपालिका म्हटलं तरी आपल्या एखाद्या छोट्या तालुक्यासारखा प्रकार: तीसेक हजार वस्ती, 23 बारांगाय. बारांगाय म्हणजे गाववाडी, सरकारचं सर्वांत खालचं एकक. हा शब्द होडीच्या जुन्या नावावरून आला आहे, बालांगाय. पूर्वी एका होडीतून आलेली कुटुंबं म्हणजे एक वसाहत. किनाऱ्यावरची वाळू काळी, ज्वालामुखीची. दक्षिणेकडून समुद्रमार्गे येणाऱ्या मोरो हल्लेखोरांवर नजर ठेवायला स्पॅनिश काळात बांधलेले दगडी बुरूज अजून उभे आहेत.

अपो हा या दाउइनचाच एक बारांगाय, समुद्रात असलेला. जेमतेम 74 हेक्टर जमीन, नऊशेच्या आसपास माणसं. गंमत म्हणजे तिथे जाणारी होडी दाउइनमधून नव्हे, शेजारच्या सांबोआंगितातल्या मालातापायहून सुटते. त्या वेळी बेटावर वीज संध्याकाळी काही तासच असे. फिटरच्या मावशीने व्हिनेगर आणि आलं घातलेला कच्चा मासा, किनिलाव, समोर ठेवला. मी मालवणी माणूस, मासा कच्चा खायचा म्हटल्यावर पाच मिनिटं नुसता बघत बसलो. मग दोनदा मागून घेतला.

मावशीच्या घरी बसूनच सगळं ऐकलं. सत्तरच्या दशकात या भागातल्या समुद्राची वाट लागली होती. डायनामाइट, सायनाइड, बारीक आसाची, म्हणजे लहान छिद्रांची जाळी, आणि मुरो-आमी: दोरीला दगड बांधून प्रवाळावर आपटत मासे जाळ्यात हाकायचे. मासा मिळेना म्हणून लांब जायचं, लांब जाऊनही मिळेना म्हणून आणखी वाईट पद्धत वापरायची. दुमागेतेच्या सिलिमान विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला तेव्हा बेटावर येऊ लागले. त्यांनी 1974 मध्ये समोरच्या सुमिलोन बेटावर मासेमारीमुक्त पट्टा राखून बघितला होता. अपोच्या लोकांना त्यांनी नुसतं भाषण दिलं नाही, सुमिलोनचे मासे दाखवले.

तरी लोक पटकन ऐकले नाहीत. का ऐकावं? उद्याच्या माशासाठी आजचा मासा सोडा, हे सांगणाऱ्याच्या घरी पगार येतो. तीनेक वर्षं बोलणी चालली. शेवटी 1982 मध्ये चौदा कुटुंबं तयार झाली. साडेचारशे मीटर किनाऱ्यासमोरचा तुकडा, बेटाभोवतीच्या प्रवाळाचा दहावा हिस्सा, एवढ्यात कोणी जाळं टाकायचं नाही. बाकी सगळा समुद्र खुला. जागा अशी निवडली की वस्तीवरून दिसावी. पहाऱ्याला एक माणूस किनाऱ्यावर बसला तरी पुरे. बोटी नकोत, डिझेल नको, इन्स्पेक्टर नको. मला हे फार आवडलं. ज्याला डिझेलचा हिशेब ठेवावा लागला आहे त्याला यातली अक्कल कळेल.

तीन वर्षांत राखलेल्या तुकड्यात मासे वाढले, मोठे झाले, आणि कडेला गरी टाकणाऱ्यांना ते मिळू लागले. 1985 पर्यंत सगळं बेट सामील झालं आणि दाउइन नगरपालिकेनेही त्यावर शिक्का मारला. नियम संपूर्ण बेटाला लागू झाले: गरी, मोठ्या आसाचं जाळं, बांबूचे पिंजरे चालतील, स्फोटकं आणि विष नाही, बाहेरच्या होड्या नाहीत. पुढच्या अठरा-वीस वर्षांच्या मोजणीत राखीव भागातल्या सर्जनफिश आणि जॅक माशांचं एकूण वजन तिपटीने वाढलेलं दिसलं. त्याच सुमाराला सुमिलोनला उलटा प्रकार घडला. तिथे गावचं राजकारण बदललं, 1984 मध्ये पट्टा मासेमारीला मोकळा झाला आणि दोन वर्षांत मिळकत जवळजवळ निम्म्यावर आली. म्हणजे शास्त्र दोन्ही बेटांवर एकच, फरक होता तो राखणारे कोण यात.

अल्कालांना 1992 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पुढे ते त्यांच्या देशाचे पर्यावरणमंत्रीही झाले. 2023 मध्ये ते गेले तेव्हा आपल्याकडे कुठे दोन ओळी आल्या असतील तर माझ्या नजरेतून सुटल्या.

सरकार आलं ते 1994 मध्ये. बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं, कारभार मंडळाकडे गेला, पर्यटकांचं शुल्क मनिलाच्या तिजोरीत जाऊ लागलं. त्यातले 75 टक्के परत यायचे, पण कधी यायचे ते विचारू नका. मावशीचा सूर त्या एकाच विषयावर चढला. "पहारा आम्ही केला आणि पावती ते फाडतात," असं ती म्हणाली, फिटरने भाषांतर केलं. हे ऐकताना मी मालवणातच बसलोय असं वाटलं.

सगळं गोड नाही, तेही सांगतो. डिसेंबर 2011 चं सेंदोंग आणि पुढच्या डिसेंबरातलं पाब्लो, या दोन वादळांनी पूर्वेकडचा तो राखलेला तुकडाच उद्ध्वस्त केला. 2014 मध्ये मी पुन्हा गेलो तेव्हा पाण्याखाली मोडक्या प्रवाळाचा नुसता खच होता. ज्यासाठी तीस वर्षं पोटाला चिमटा घेतला तेच वाऱ्याने नेलं. पण लोकांनी तो तुकडा बंदच ठेवला. पर्यटकांनाही तिथे मनाई. उगवेल तेव्हा उगवेल.

आता मालवण. आमचं सागरी अभयारण्य 13 एप्रिल 1987 ला जाहीर झालं, अपोचं सगळं बेट एकत्र आल्यावर दोनच वर्षांनी. क्षेत्र 29 चौरस किलोमीटरहून जास्त. अपोच्या तुकड्यापेक्षा शंभराहून अधिक पटींनी मोठं, आणि किनाऱ्यावर बसून एका माणसाला दिसेल असं मुळीच नाही. इथल्या मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून आजतागायत आहे. पेपरात त्याची बातमी 'विकासाला विरोध' किंवा 'निसर्गाला विरोध' अशी येते. जो समाज रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याच्या, दोरीला हात लावणाऱ्या वाटसरूलाही वाटा देतो, त्याला समुद्र वाटून घेणं आणि राखणं शिकवायची गरज नाही. आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर येऊन तीन वर्षं कोणी बोललं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण तसं कोणी बोललं नाही, हे मी पाहिलं आहे. रात्री एलईडीच्या उजेडात पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटी, समुद्र खरवडून नेतात, त्या वेळी अभयारण्याची हद्द कुठे असते तेही पाहिलं आहे.

जाता जाता: तारकर्लीच्या स्कूबा संस्थेचं इंग्रजी लघुरूप 'इसदा' असं वाचलं जातं. फिलिपिनो भाषेत इसदा म्हणजे मासा. फिटरला हे सांगितलं तेव्हा तो हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

तर विनंती एवढीच की ते वाक्य दुरुस्त करून छापावं. आणि वाचकांपैकी कोणी जाणार असेल तर कासवाला हात लावू नये, किनाऱ्यावर बायका कपडे विकत बसतात त्यांच्याशी फार घासाघीस करू नये, आणि बुधवार धरून जावं. त्या दिवशी मालातापायला गुराढोरांचा मोठा बाजार भरतो, तो चुकवण्यासारखा नाही.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनीअर
दांडी, मालवण (जि. सिंधुदुर्ग)