जॉब कार्डावरचा ‘पुराचे पाणी’ हा शेरा खोडा

दि. २५ ऑगस्ट २०२५
कोल्हापूर

प्रति,
व्यवस्थापक,
मीटर दुरुस्ती विभाग, पुणे

विषय: गाडीच्या डिजिटल मीटरची सदोष दुरुस्ती, चुकीचा शेरा आणि रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या दुसऱ्या जॉब कार्डावर लाल शाईने लिहिलंय, ‘पुराच्या पाण्याने नुकसान. वॉरंटी लागू नाही.’ मुख्यतः या एका ओळीसाठी हे पत्र आहे. पैशांचं पुढे येतंच.

गाडी १९८६ सालची, दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार. इंग्लंडहून परतलेल्या बेळगावच्या एका डॉक्टरांनी ती सोबत आणली होती. त्यांच्याकडून मी डिसेंबर २०२२ मध्ये घेतली. मीटरला काटे नाहीतच. वेग, आरपीएम, पेट्रोल, इंजिनाचं तापमान, सगळं निळसर हिरव्या आकड्यांत आणि पट्ट्यांत उमटतं. ते विझलं की गाडी चालते, पण चालवणारा आंधळा होतो.

दोष काय होता ते मी पहिल्याच पार्सलमध्ये कागदावर लिहून पाठवलं होतं. सकाळी चावी फिरवली की अंधार. वीस-पंचवीस मिनिटांनी आतून ऊब धरली की आकडे एकेक करून यायचे, तेही अर्धवट. आठाच्या जागी सहा दिसायचा. डॅशबोर्डवर थाप मारली की क्षणभर सगळं लख्ख. माझा उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे, इलेक्ट्रॉनिक्स माझा धंदा नाही. तरी गरम झाल्यावर सुधारणारी आणि थाप मारल्यावर जागी होणारी वस्तू म्हणजे सुकलेला कॅपॅसिटर (बोर्डावरचा वीज साठवणारा छोटा भाग) किंवा तडकलेला सोल्डर (जोडाचा डाख), एवढं आम्हालाही कळतं. आकडे उमटवणारी काचेची ट्यूबच मेली असती तर ती गरम होऊनही उजळली नसती.

गाडीकडून काही गडबड नको म्हणून फ्यूज बघितले, मागचे सॉकेट साफ केले. बॅटरी इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना १४.१. मीटरच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा फरक ०.०४ व्होल्ट. सप्लाय चोख होता. हे सगळे आकडे त्या कागदावर होते. तो कागद मीटरसोबत परत आला तेव्हा घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

५ मे रोजी मीटर पाठवला, २ जूनला मिळाला. बिल १८,५०० रुपये: ‘सर्व सात कॅपॅसिटर बदलले, बोर्ड पूर्ण रिसोल्डर, सहा महिने वॉरंटी.’ अकरा दिवस मीटर झकास चालला. १३ जूनला सकाळी गगनबावड्याला निघालो, पाऊस लागलेला. कळ्याच्या पुढे आरपीएमची पट्टी थरथरली, मग वेग गेला, आणि साळवण यायच्या आत सगळं काळं. तापमान बघायचं म्हणजे आता बॉनेट उघडून हात लावायचा! गाडी बाजूला घेऊन अर्धा तास एका टपरीवर चहा घेत बसलो, मग दुसऱ्या एका गाडीच्या मागे मागे कोल्हापूर गाठलं.

१६ जूनला मीटर परत तुमच्याकडे. १० जुलैला आला तो ‘तपासणीत दोष आढळला नाही’ या कागदासह, वर तपासणीचे ३,२०० रुपये. आणि त्याच कार्डावर खाली पुराचा शेरा. दोष आढळला नाही तर नुकसान कशाचं झालं? दोन्ही ओळी एकाच हाताच्या आहेत. टेबलावर किती वेळ चालवून बघितलं, असं फोनवर विचारलं तर उत्तर मिळालं, ‘दहा मिनिटं.’ एसीच्या खोलीत दहा मिनिटं! थंड करून बघितला का, गरम करून बघितला का, टेबल हलवून बघितलं का, या तिन्हींवर शांतता. मग तुमच्याच माणसाने सुचवलं की ट्यूब आता मिळत नाही, त्यापेक्षा ६५,००० मध्ये अँड्रॉइड स्क्रीन बसवून घ्या. इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, मीटरमध्ये नसला तरी.

आता पुराचं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेने आमचे काय हाल केले ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलंय. पण त्या दोन्ही वेळी ही गाडी कोल्हापुरात नव्हतीच. नंतरही ती आर. के. नगरच्या चढावर, पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. डॅशबोर्डपर्यंत पाणी आलं असतं तर आधी सीट बुडाल्या असत्या. कार्पेट उचलून, सीटचे रेल काढून फोटो घेतलेत. गाळाचा कण नाही. पार्सलवर ‘कोल्हापूर’ वाचलं आणि पूर लिहिला, याशिवाय दुसरं कारण मला सापडत नाही. उद्या गाडी विकायला काढली किंवा विम्याचा प्रश्न आला, तर तुमचा हा कागद माझ्या गळ्यात.

तुम्ही वॉरंटी लेखी नाकारल्यावरच, १२ जुलैला, मीटर उघडला. उद्यमनगरातले एक जुने टीव्ही मेकॅनिक, माझे मित्र, यांनी उघडला आणि सगळं व्हिडिओवर घेतलं. सात कॅपॅसिटरपैकी दोनच नवे. बाकी पाच कंपनीतून निघतानाच्या त्याच पिवळ्या पडलेल्या गोंदात घट्ट बसलेले. त्यातल्या दोघांच्या पायाशी तपकिरी चिकट डाग होता: आतलं रसायन गळून तांब्याच्या पट्टीवर पसरलं होतं. बहुधा यालाच तुम्ही पुराचं पाणी म्हणालात. बारा व्होल्टवरून ट्यूबला लागणारं जादा व्होल्टेज तयार करणाऱ्या भागातलेच ते दोन. मुख्य सॉकेटच्या तीन पिनांभोवती सोल्डरला गोल तडा गेला होता, भिंगाशिवाय दिसत होता. ‘पूर्ण रिसोल्डर’ नेमकं कुठे केलं, ते तुम्हीच सांगा.

मित्राने डाग साफ करून १०५ अंशांपर्यंत उष्णता सोसणारे पाच कॅपॅसिटर घातले, पिना पुन्हा सोल्डर केल्या. सामान २४० रुपयांचं. मजुरी घेतली नाही, तांबड्या रश्श्यावर भागलं. त्याला सहा आठवडे झाले. भर पावसात, पहाटे, खड्ड्यांतून, मीटर एकदाही विझला नाही.

माझं म्हणणं असं. पुराचा शेरा रद्द केल्याचं पत्र कंपनीच्या शिक्क्यानिशी द्या. दुरुस्तीचे १८,५००, तपासणीचे ३,२०० आणि दोन फेऱ्यांच्या कुरिअरचे १,४६० असे एकूण २३,१६० रुपये परत करा. बदललेले म्हणून ज्यांचं बिल लावलं ते पाच कॅपॅसिटर कोणाच्या गाडीत गेले, याचा खुलासा मिळाला तर तोही वाचायला आवडेल.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करेन. तुमचं ऑफिस पुण्यात असलं तरी ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला फीही पडत नाही. तारखेला तुम्हाला इथे यावं लागेल. पावसाळ्यात आलात तर हायवे चालू आहे का ते तेवढं बघून निघा.

कळावे,
दोन जॉब कार्डांचा एकच ग्राहक

सोबत: दोन्ही बिलांच्या आणि जॉब कार्डांच्या प्रती, कुरिअरच्या पावत्या, कार्पेटखालचे व बोर्डाचे फोटो, व्हिडिओचा पेन ड्राइव्ह. काढलेले पाच जुने कॅपॅसिटर माझ्याकडे पाकिटात आहेत. ते पाठवत नाही.